पानेत्तोनेची कणीक दुसऱ्या मळणीत तुटते आणि पाव आंबूस होतो : मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही मिलानमध्ये राहतो आणि येत्या नाताळासाठी मला घरी, नैसर्गिक आंबवणावर, पानेत्तोने, म्हणजे नाताळातला बेदाणे व साली घातलेला इटालियन गोड पाव, करावयाचे आहे. पहिल्या मळणीपर्यंत सारे सुरळीत होते. दुसऱ्या मळणीत बटर घालू लागले की कणीक ढिली पडते, मिक्सरच्या आकड्याला धरून राहण्याऐवजी भांड्याच्या तळाशी पसरते आणि तिच्यावर तुपकट चकाकी येते. ओव्हनमधून काढताना पाव चांगला फुगलेला दिसतो; मात्र थंड होण्यासाठी उलटा टांगला की त्याचा मधला भाग हळूहळू ओघळू लागतो आणि कापल्यावर संत्र्याच्या सालीच्या सुगंधामागे आंबूस वास जाणवतो.

तयार यीस्ट वापरून होणारी सोपी कृती कृपया सुचवू नये, ही विनंती आहे. इटलीत २२ जुलै २००५ च्या शासकीय आदेशाने पानेत्तोने, पांदोरो (बेदाणे नसलेला नाताळातला गोड पाव) आणि ईस्टरच्या कोलोम्बा या पावांच्या नावांनी काय विकता येते हे ठरवून दिले आहे. पानेत्तोनेत बटर किमान १६ टक्के, अंड्याचा बलक किमान ४ टक्के, बेदाणे व पाकवलेल्या लिंबूवर्गीय साली मिळून किमान २० टक्के असाव्यात आणि कणीक आंबट पिठाच्या नैसर्गिक आंबवणाने फुगलेली असावी, असे त्यात म्हटले आहे. हा नियम विक्रीसाठी आहे, घरच्या स्वयंपाकघराला तो लागू नाही. तरीही ज्या आंबवणामुळे या पावाला त्याची चव, धाग्यांसारखा सुटणारा गर आणि टिकाऊपणा मिळतो, तेच वगळले तर उरतो तो फक्त बेदाण्यांचा गोड पाव, असे माझे मत आहे. शिवाय येथील घरांत नाताळातल्या पानेत्तोनेचा एक तुकडा ३ फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे सान ब्याजो या संताच्या दिवसापर्यंत, राखून ठेवण्याची रीत आहे, आणि तोवर टिकेल असा पाव आपल्या हातून व्हावा अशी मनापासून इच्छा आहे.

आता पद्धत सांगते. माझे आंबवण घट्ट आहे, म्हणजे पिठाच्या साधारण निम्मे पाणी असलेले, आणि ते मी कापडात गुंडाळून दोरीने बांधून फ्रिजमध्ये ठेवते. कणीक मळण्याच्या दिवशी ते बाहेर काढून सकाळी एकदा ताजे करते, म्हणजे नवे पीठ व पाणी घालून मळते, आणि संध्याकाळी वापरते. पहिल्या मळणीत ४०० ग्रॅम मानितोबा (जास्त प्रथिनांचे, बळकट) पीठ, २०० ग्रॅम पाणी, १३० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम बलक, १३० ग्रॅम बटर आणि १०० ग्रॅम आंबवण असते. ही कणीक रात्रभर गरम जागी झाकून ठेवते. सकाळी ती तिपटीहून बरीच अधिक वाढलेली आणि वरून किंचित खचलेली असते. त्यानंतर लगेच दुसरी मळणी सुरू करते, तीत १०० ग्रॅम पीठ, ७० ग्रॅम साखर, ११० ग्रॅम बलक, १३० ग्रॅम बटर, २० ग्रॅम मध, ६ ग्रॅम मीठ आणि शेवटी ४०० ग्रॅम बेदाणे व साली जातात. यातून दोन मोठे पाव होतात.

माझे प्रश्न असे आहेत. बटर सुटण्याचे मूळ दुसऱ्या मळणीत आहे, की ते आंबवणातच आहे आणि दुसऱ्या मळणीत फक्त उघड होते? आंबवणाचा आंबटपणा वापरण्याआधी कमी कसा करावा? आणि टांगल्यावर गर ओघळतो, याचा संबंध कणकेच्या बळाशी आहे की भाजण्याच्या वेळेशी?

प्रतिसाद १

आपण तपशील नीट दिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझ्या मते आपल्या पहिल्याच प्रश्नात उत्तर दडलेले आहे : मूळ आंबवणात आहे. फ्रिजमधून काढलेले आंबवण एकदाच ताजे करून वापरले तर त्यातील आम्ले पुरेशी विरत नाहीत, आणि आम्ल अधिक असलेल्या कणकेत रात्रभरात ग्लुटेनची, म्हणजे गव्हातील चिवट प्रथिनांची, जाळी कुरतडली जाते. सकाळपर्यंत ती कशीबशी उभी असते. पुन्हा बलक, साखर आणि बटर यांचा भार पडला की तुटते. तुटलेल्या जाळीत बटर धरून ठेवणारे काही उरत नाही, म्हणून ते पृष्ठभागावर येते आणि आपल्याला ती तुपकट चकाकी दिसते.

पानेत्तोनेच्या दिवशी आंबवण लागोपाठ तीन वेळा ताजे करावे. प्रत्येक वेळी आंबवण आणि पीठ समान वजनाचे घ्यावे, पाणी पिठाच्या ४५ ते ५० टक्के असावे आणि हे आंबवण २८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे. सुमारे साडेतीन ते चार तासांत ते तिप्पट झाले तरच ते या कणकेला पेलणारे आहे असे समजावे. त्याहून अधिक वेळ लागत असेल तर त्या दिवशी पानेत्तोने करू नये आणि पुढील काही दिवस आंबवणालाच नियमित खाऊ घालावे. पहिल्यांदा ताजे करण्यापूर्वी त्याला स्नानही घालता येते. आंबवणाचे वरचे कडक आवरण काढून आतल्या मऊ भागाच्या जाड चकत्या कराव्यात आणि एक लिटर पाण्यात साधारण २ ग्रॅम साखर विरघळवून, २० अंशांच्या आसपासच्या त्या पाण्यात १५ ते २० मिनिटे ठेवाव्यात. नंतर हलक्या हाताने पिळून, पीठ घालून मळावे. येथील कारागीर हे नेहमी करतात, आणि आपल्या तक्रारीवर मला हाच पहिला उपाय वाटतो. पीएच, म्हणजे आंबटपणाचे माप (आकडा जितका कमी तितके आंबट), मोजण्याचे यंत्र असेल तर तिसऱ्या वेळी तयार झालेल्या आंबवणाचा पीएच ४.१ च्या जवळ असावा.

पहिली कणीक तिप्पट होईपर्यंतच थांबावे. खचू तर अजिबात देऊ नये. रात्री घड्याळावर विसंबण्याऐवजी कणकेचा एक छोटा गोळा सरळ कडांच्या काचेच्या पेल्यात ठेवून तिप्पटीची खूण करावी, म्हणजे मोठ्या भांड्यातली वाढ अंदाजाने मोजावी लागत नाही. २६ ते २८ अंशांवर याला साधारण दहा ते बारा तास लागतात. त्यानंतर कणीक अर्धा ते एक तास फ्रिजमध्ये गार करावी. हा टप्पा आपल्या वर्णनात नाही आणि घरच्या मिक्सरसाठी तो फार महत्त्वाचा आहे, कारण यंत्राच्या घर्षणाने कणीक तापते. दुसरी मळणी संपताना तिचे तापमान २६ अंशांच्या आत राहिले पाहिजे.

मळताना आधी फक्त नवे पीठ घालून कणीक घट्ट, गुळगुळीत आणि आकड्याला चिकटलेली होऊ द्यावी. हे बळ आल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग साखर आणि बलक थोडे थोडे, आलटून पालटून घालावे, त्यानंतर मध व मीठ, आणि सर्वांत शेवटी मऊ पण न वितळलेले बटर तीन ते चार भागांत, आधीचा भाग पूर्ण जिरल्यावरच. बोटांवर ताणून पाहिल्यावर कणकेचा पातळ, न फाटणारा पडदा झाला की बेदाणे व साली मंद गतीवर मिसळाव्यात. बेदाणे भिजवले असतील तर ते आधी कापडावर पूर्ण कोरडे करावेत.

पिठाविषयी एक गोष्ट तपासावी. मानितोबा या नावाखाली विकली जाणारी सर्व पिठे सारखी नसतात. या कामासाठी बळाचा निर्देशांक, ज्याला डब्ल्यू म्हणतात, तो ३५० च्या वर असलेले पीठ घ्यावे. पिशवीवर तो छापलेला नसेल तर निदान प्रथिने १४ टक्क्यांच्या आसपास आहेत का, एवढे पाहावे.

गर ओघळण्यामागे कणकेचा अशक्तपणा आहेच, परंतु पाव आतून कच्चा राहिला तरी तेच होते. एक किलोचा पाव १६५ ते १७० अंशांवर साधारण ५० ते ५५ मिनिटे घेतो. तरी वेळ न पाहता आतील तापमान पाहावे आणि मधोमध ९२ ते ९४ अंश भरल्यावरच बाहेर काढावा. त्याच क्षणी तळाशी दोन सळया किंवा विणकामाच्या लांब सुया आरपार घालून उलटा टांगावा आणि किमान दहा तास तसाच राहू द्यावा.

प्रतिसाद २

वरील उत्तराशी सहमत आहे. मी पुण्यात पानेत्तोने करते. येथील साध्या मैद्यात प्रथिने कमी असल्यामुळे मला त्यात वेगळे ग्लुटेन मिसळावे लागते, आणि उन्हाळ्यात तर मळण्याचे भांडेही आधी फ्रिजमध्ये ठेवावे लागते. आपल्याला तेथे पीठ योग्य मिळते आहे आणि डिसेंबरची थंडीही आहे, तेव्हा सर्व लक्ष आंबवणावर द्यावे, असे मलाही वाटते. ज्यांचे आंबवण अजून तयार झालेले नाही त्यांनी आधी पांदोरो करावा, म्हणजे सोपे जाईल, असे काही जण सांगतात. ते मला पटत नाही. व्हेरोनाच्या पांदोरोत बेदाणे व साली नसतात हे खरे, परंतु त्याच आदेशाप्रमाणे त्यात बटर किमान २० टक्के असते, म्हणजे कणकेवरचा भार उलट वाढतो. तो टांगावा लागत नाही, चांदणीच्या आकाराच्या साच्यातच गार होतो, एवढीच काय ती सवलत.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. तीनदा ताजे करणे, स्नान आणि पहिली कणीक गार करणे या तिन्ही गोष्टी या आठवड्यातच करून पाहीन. एक शंका राहते. एरवी आंबवण कापडात बांधून ठेवावे की पाण्यात? येथे दोन्ही पद्धती ऐकायला मिळतात आणि प्रत्येकाचा आपल्या पद्धतीविषयी आग्रह असतो.

प्रतिसाद १ देणाऱ्यांचे उत्तर

दोन्ही पद्धती जुन्या आहेत आणि दोन्हींतून उत्तम पानेत्तोने होते. बांधून ठेवण्याची रीत मिलानची, तर पाण्यात ठेवण्याची प्येमोंते या प्रांताची मानली जाते. पाण्यात ठेवलेल्या आंबवणातील काही आम्ले पाण्यात उतरतात, त्यामुळे ते सौम्य राहते. बांधलेले अधिक जोमदार आणि अधिक आंबट होते. आपली तक्रार आंबटपणाची आहे, म्हणून नाताळापर्यंत ते पाण्यात ठेवावे, मात्र पाणी प्रत्येक वेळी बदलावे. वर तरंगलेल्या गोळ्याचा वाळलेला थर काढून आतलाच भाग घ्यावा, आणि पाणी शोषलेले असल्यामुळे पुढच्या वेळी पिठात पाणी ४५ ऐवजी ३० टक्क्यांच्या आसपास घालून सुरुवात करावी, म्हणजे कणकेचा घट्टपणा पूर्वीसारखाच राहील.