अनुभव धागा: गजाआडचं आजारपण

माणूस जेलात गेला की त्याच्या मनाच्या दुखण्याला आपल्याकडं कुणी दुखणं म्हणत नाही. ताप आला तर दवाखाना. पण झोप उडाली, कानात आवाज येऊ लागले, जेवण सुटलं की 'नाटकं करतोय'. मराठवाड्यातल्या कैद्यांच्या घरच्यांनी, सुटून आलेल्यांनी, वकिलांनी, कारागृहात नोकरी केलेल्यांनी इथं लिहावं. नावं टाळा. गुन्हा केला की नाही, हा वाद इथं नको.

बहीण, परभणी जिल्हा
भावाला स्किझोफ्रेनियाच्या, म्हणजे भास होतात त्या आजाराच्या, गोळ्या चालू होत्या. ठीक होता, शेतात राबायचा. बांधाच्या भांडणात अटक झाली अन् गोळ्यांची पट्टी घरीच राहिली. बाहेरचं औषध चिठ्ठीशिवाय आत घेत नाहीत, हे आम्हाला कुठं ठाऊक? मुलाखतीला गेलो तर काचेपलीकडं फोन कानाला लावून गप्प. मग एकदम म्हणाला, "ताई, खोंडाला पेंड टाकली का?" खोंड तर बाबा असतानाच इकलं होतं. मायनं पदर तोंडात कोंबला. इकडं गिरणीवर बाया म्हणत होत्या, सुटायसाठी येड्याचं सोंग घेतलंय. शेवटी वकिलानं जुना केसपेपर कोर्टात दिला, तपासणीचा आदेश झाला, तेव्हा गोळ्या सुरू झाल्या. तोवर त्यानं भिंतीवर डोकं फोडून घेतलं होतं.

वकील, लातूर
ताईंनी केसपेपरचं लिहिलं ते लाखमोलाचं. रिमांडच्या पहिल्याच तारखेला तो न्यायाधीशांपुढं ठेवा. लोक दोन गोष्टींची गल्लत करतात. कृत्य करताना माणूस भानावर होता का, हा गुन्ह्यांच्या कायद्याचा, म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम 22 चा प्रश्न. आज त्याला स्वतःचा बचाव करता येतो का, हा वेगळा. तो खटला कसा चालवायचा ते सांगणाऱ्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 367 पासून पुढं येतो. उपचार मात्र या दोन्हींवर अडत नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कैद्यांसाठी कलम 103 आहे. अन् देशातल्या दर चार कैद्यांमागं साधारण तीन कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा सिद्धच न झालेले. जामीन मंजूर होऊनही जामीनदार मिळेना म्हणून आत राहिलेले ऊसतोड कामगार मी पाहिलेत.

वाचक, बीड
माझ्या चुलत्याचा खून झालाय. आरोपीला डिप्रेशनच्या गोळ्या मिळतात हे ऐकून अंगाची आग झाली. आमच्या काकूला झोप लागते का, हे कुणी विचारलं?

धागाकर्ती
दादा, हा राग खरा आहे. काकूंनाही उपचार मिळालेच पाहिजेत. त्यासाठी त्याच्या गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. उलट आरोपी भानावर नसेल तर खटला लांबतो, काकूंचा न्यायही लांबतो.

निवृत्त कारागृह शिपाई
नवीन आलेल्याचे पहिले दिवस, जामीन फेटाळल्याची रात्र, बायकोची मुलाखत अचानक बंद होणं. अशा वेळी आम्ही त्या बराकीकडं जास्त फेऱ्या मारायचो. सोंग करणारेही असतात, खोटं कशाला बोलू. पण ते ठरवायचं डॉक्टरनं, शिपायानं नाही. गार्ड मिळाला नाही की दवाखान्याची तारीख पुढं जायची. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही जुनी मनोरुग्णालयं सगळी मराठवाड्याबाहेर.

सुटून आलेला
बराकीत रातभर दिवा चालू असतो. आता अंधारात झोपच येत नाही, माझ्यापायी लेकरंबी उजेडात झोपतात. सांजच्याला गिनतीची वेळ झाली की जिथं असंल तिथं उभा राहतो. निर्दोष सुटलो, कागद हाये. तरी मुकादम उचल देईना. म्हणतो, टोळीत बायामाणसं असतात. लेकीची सोयरीक मोडली. आत डॉक्टर गोळ्या देत होते. सुटलो तेव्हा हातात कपड्याची पिशवी होती फक्त. गोळीचं नावबी ठाऊक नाही.

परिचारिका, नांदेड
दादा, आतल्या उपचाराचे कागद वकिलामार्फत अर्ज करून मागा. पण त्याची वाट बघू नका, जिल्हा रुग्णालयात मनोविकाराच्या डॉक्टरला दाखवा. गोळी अचानक तुटली की आजार उलटतो, अन् लोकांना वाटतं जेलनं येडा केला. जायला जमत नसेल तर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या आजारासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. फुकट आहे, मराठीत बोलतात, रात्रीही चालू असतो.

सुटून आलेला
गावात कळंल का पण?

परिचारिका, नांदेड
नाही, बोलणं गुप्त ठेवतात. वहिनींनाही बोलू द्या. झोप त्यांचीही उडाली असणार.