शब्दचर्चा: ‘शिकाऊ जलविमान’ बरोबर आहे का?

प्रश्न: एफबीए 17 या 1923 च्या फ्रेंच जलविमानाच्या फोटोखाली एक ओळ लिहायची आहे. फ्रेंच नौदल त्यावर नव्या वैमानिकांना शिकवायचं. मी ‘शिकाऊ जलविमान’ लिहिलं, पण ते खटकतंय. मित्र म्हणतो, सरळ ‘सीप्लेन’ लिही.

उत्तर: खटकणारच. शिकाऊ डॉक्टर, शिकाऊ उमेदवार म्हणजे जो स्वतः शिकतोय तो. हे विमान तर शिकवणारं. ‘प्रशिक्षण विमान’ रुळलेलं आहे, तेच घ्या. फ्रेंचांनी ही गोष्ट नावातच घातली होती. मूळ नाव एफबीए 17 एचई 2. त्यातला ‘एच’ जलविमानाचा, ‘ई’ म्हणजे ‘एकोल’, शाळा, आणि 2 म्हणजे दोन जागा. शिकवणारा आणि शिकणारा उघड्यावर शेजारीशेजारी बसायचे.

‘जलविमान’ मात्र सोडू नका. फ्रेंच ‘इद्राव्हियों’सुद्धा असाच जोडशब्द आहे: पाणी आणि विमान. त्यातला ‘आव्हियों’ (विमान) फ्रेंच अभियंते क्लेमाँ आदेर यांनी पक्ष्याच्या लॅटिन नावावरून, ‘आविस’वरून घडवला.

आणखी एक उत्तर: ‘जलविमान’ ठीक, पण त्यात दोन जाती आहेत आणि त्या वेगळ्या दिसायला हव्यात. फ्रेंच अभियंते आँरी फाब्र यांनी 28 मार्च 1910 रोजी मार्सेयजवळच्या बेरच्या खाऱ्या सरोवरावरून जलविमान उडवलं, ते तरंड्यांवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या पोकळ भागांवर, उभं राहणारं. एफबीए 17 चं अंग म्हणजेच होडी. फ्रेंचमध्ये त्या अंगाला ‘कोक’ म्हणतात. अंड्याच्या, अक्रोडाच्या कवचालाही हाच शब्द. म्हणून मी ‘उडती होडी’ म्हणेन.

फोटो मोठा करून बघा. खालच्या पंखांखाली दोन्हीकडे एकेक छोटा तरंडा दिसेल. आमच्या मालवणकडे होडी कलंडू नये म्हणून बाजूला दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधतात, ती उलांडी. काम अगदी तेच, फक्त उलांडी एकाच बाजूला असते. इतका नेमका शब्द घरात असताना दुसरा कशाला शोधायचा?

प्रश्नकर्ती: ‘उलांडी’ मला ठाऊकच नव्हता, मनापासून आभार. आता ओळ अशी: ‘फ्रेंच नौदलाचं दोन आसनी प्रशिक्षण जलविमान एफबीए 17. अंग होडीचं, पंखांखाली दोन्हीकडे उलांड्या.’