'सेशन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: सूझी अँड द बॅनशीज या ब्रिटिश रॉक वाद्यवृंदावर लिहिते आहे. नोव्हेंबर १९७७ आणि फेब्रुवारी १९७८ मध्ये त्यांनी बीबीसी रेडिओवर निवेदक जॉन पीलच्या कार्यक्रमासाठी जी गाणी मुद्रित केली, त्या 'सेशन'ला मराठी शब्द हवा आहे. 'सत्र' म्हटलं की विधिमंडळ आठवतं. 'थेट मैफल' चालेल का?

प्रतिसाद: 'थेट' अजिबात नको. त्या दिवशी गायलं आणि त्याच वेळी हवेत गेलं, असं झालेलं नाही. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत साधारण एका दिवसात चार गाणी वाजवायची, गरजेप्रमाणे त्यावर आणखी आवाज मुद्रित करायचे, रात्रीपर्यंत ध्वनिमिश्रण उरकायचं, आणि प्रक्षेपण पुढे कधीतरी. 'मैफल' तर त्याहून चुकीचं, कारण समोर श्रोतेच नसत.

प्रतिसाद: मग 'बैठक'? गाण्याची बैठक म्हणतोच की आपण.

प्रतिसाद: त्या बैठकीलाही ऐकणारे लागतात. पण 'एका बैठकीत' हा प्रयोग मला फार आवडतो. एका बैठकीत पोथी वाचून संपवली, तशी एका बैठकीत चार गाणी. सेशनचा जीव या घाईतच आहे. बॅनशीजकडे तेव्हा रेकॉर्ड कंपनीचा करारही नव्हता, तो पॉलिडॉरशी जून १९७८ मध्ये झाला. त्यांचं 'हाँगकाँग गार्डन' हे गाणं दुसऱ्या सेशनमध्ये आधी वाजलं, तबकडी ऑगस्टमध्ये निघाली आणि खपाच्या ब्रिटिश यादीत सातव्या क्रमांकापर्यंत गेली. म्हणजे हे सेशन तबकडीची नक्कल नव्हे, तिच्या आधीचं रूप आहे. म्हणून 'पुनर्मुद्रण' वगैरेही लिहू नका.

प्रश्न: पण रेडिओने तयार तबकड्या का वाजवल्या नाहीत?

प्रतिसाद: वाजवत, पण मोजून. तबकड्या किती तास लावायच्या यावर ब्रिटनमध्ये करारांची मर्यादा होती, तिला 'नीडल टाइम' म्हणत. ती १९८८ मध्ये उठली. उरलेला वेळ खास मुद्रणांनी भरायचा, आणि पीलने ती जागा रेकॉर्ड कंपनीचा करार नसलेल्या वाद्यवृंदांना दिली. आपल्याकडेही आकाशवाणीच्या 'भावसरगम'साठी गाणी खास मुद्रित होत, त्यामुळे 'नभोवाणीसाठी केलेलं ध्वनिमुद्रण' ही कल्पना मराठी वाचकाला परकी नाही.

प्रतिसाद: माझं मत: पहिल्यांदा 'नभोवाणीसाठी एका बैठकीत केलेलं ध्वनिमुद्रण' लिहा, पुढे सरळ 'सेशन'. नपुंसकलिंगी ठेवा: ते सेशन, ती सेशन्स. 'बॅनशीजचं दुसरं सेशन' कानाला नीट लागतं, 'दुसरी सेशन' खटकतं.