गुदमार्गाचा कॅन्सर परत आलाय: शेक (रेडिएशन) की ऑपरेशन? सल्ला हवा

सागरवेळ (देवगड): काकूंचं वय ५८. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, म्हणजे वरच्या चपट्या पेशींचा कॅन्सर. दीड वर्षापूर्वी २८ शेक, जोडीला मायटोमायसिन आणि कॅपेसिटाबिन ही केमोची औषधं. गाठ पूर्ण विरघळली होती. आता पुन्हा रक्त जातंय, बसवत नाही. सर्जन ऑपरेशन करून पोटावर शौचाची कायमची पिशवी म्हणतात, घरचे म्हणतात पुन्हा शेक घेऊ. काय करावं?

पाणंद: आधी तुकडा तपासणी (बायोप्सी). शेकाने झालेला व्रण आणि परतलेला कॅन्सर बोटाला आणि डोळ्यांना सारखेच वाटू शकतात. शेक संपल्यावर पहिले सहा महिने गाठ हळूहळू विरत असते, म्हणून तेव्हा घाई करत नाहीत. काकूंच्या बाबतीत तो काळ उलटून गेलाय. मूळव्याध समजून रबरबँड किंवा क्षारसूत्र करायला कुणी सुचवलं तर साफ नाही म्हणा. शेक बसलेल्या जागेची जखम भरता भरत नाही.

मग पेट-सीटी आणि ओटीपोटाचा एमआरआय, दोन्ही. दूर कुठे गेलंय का ते पेट दाखवतो; योनीची मागची भिंत किंवा माकडहाड धरलंय का ते एमआरआय. जांघेत गाठ लागत असेल तर सुईने तपासून घ्या. गर्भाशयमुखही तपासा, कारण दोन्हीकडे एचपीव्ही हाच विषाणू मुळाशी असतो. एचआयव्ही चाचणी झाली नसेल तर तीही.

२८ शेक म्हणजे बहुधा ५०.४ ग्रे (ग्रे हे शेकाच्या डोसाचं माप). त्याच जागी पुन्हा तेवढा डोस दिला तर आतडं, मूत्राशय, हाड सोसत नाही. रोग तिथल्या तिथेच असेल तर बरं होण्याची खरी संधी एपीआर ऑपरेशनमध्ये आहे: गुदद्वार आणि मलाशय काढून डाव्या बाजूला कायमची पिशवी. सर्जनला एकच गोष्ट खोदून विचारा, "कडा मोकळ्या मिळतील का?", म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर उरणार नाही ना. पिशवी टाळायला महिनोन्‌महिने केमो घेत बसणं हा सगळ्यात महाग पडणारा उशीर.

सागरवेळ: आणि पसरलेलं निघालं तर?

पाणंद: मग मुख्य उपचार केमो. कार्बोप्लॅटिन २८ दिवसांनी एकदा, पॅक्लिटॅक्सेल पहिल्या, आठव्या, पंधराव्या दिवशी. २०२५ मध्ये अमेरिकेत याच जोडीसोबत रेटिफॅनलिमॅब या इम्युनोथेरपीच्या (प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या) औषधाला मंजुरी मिळाली. पुढच्या टप्प्यात निवोलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब, तीही त्याच प्रकारची औषधं.

माडबाग: एपीआर ठरलं तर गुदद्वाराच्या जागी होणाऱ्या खालच्या जखमेबद्दल आधीच बोलून घ्या. शेकलेली कातडी नुसती ओढून शिवली तर उसवते, म्हणून पोटाचा किंवा मांडीचा स्नायू आणून ती पोकळी भरतात. प्लास्टिक सर्जन त्याच दिवशी हवा. मशेरी, तंबाखू आजच बंद. निकोटिनने रक्तपुरवठा आटतो. हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन) कमी असेल तर आधी खाणं सुधारा. नंतर मध्ये भोक असलेली रबरी उशी वापरू नका, टाक्यांवर ताण येतो. साधी मऊ उशी, थोडा वेळ बसणं, मग कुशीवर.

पिशवीची जागा ऑपरेशनआधी पेनाने खूण करून घ्या: काकूंना उभं करून, बसवून, वाकवून, नेसत्या साडीत. निऱ्या खोचतात तिथे पिशवी आली की रोज भांडण. पिशवीच्या चिकट चकतीचं भोक स्टोमापेक्षा (पोटावर काढलेल्या आतड्याच्या तोंडापेक्षा) २-३ मिमीच मोठं कापा. जास्त ठेवलं तर कातडी सोलवटते. आपल्याकडे मे महिन्यात घामाने चकती सुटते, तेव्हा जागा कोरडी पुसून, तेल-पावडर न लावता, चिकटवून दोन मिनिटं तळहाताची ऊब द्या. पिशवी एकतृतीयांश भरली की रिकामी करायची. पहिले सहा आठवडे फणस, किसलेलं खोबरं नको, आणि भरली कळशी उचलायची नाही, हर्निया होतो.

घाटवाट: परळचं टाटा हॉस्पिटल किंवा बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट मोफत, सोबत्याला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचा फॉर्म घेऊन कणकवलीच्या खिडकीवरच काढा. महात्मा फुले योजनेसाठी रेशनकार्ड, आधार घेऊन भरतीआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला) गाठा. फाइलबरोबर तुकडा तपासणीच्या जुन्या स्लाइड, पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि किती ग्रे दिले तो शेकाचा कागद न्या. त्याविना पहिली फेरी फुकट जाते.