मोबाइल नंबर हॅश करून (ठरलेल्या सूत्राने ठरावीक लांबीचा सांकेतिक आकडा बनवून) दिले तर चालेल का?

कोरीपाटी: दुसऱ्या कंपनीबरोबर ग्राहकयादी जुळवायची आहे. नंबर उघडे द्यायचे नाहीत, म्हणून एसएचए-२५६ (हॅश काढायची एक प्रचलित पद्धत) करून द्यायचं चाललंय. हॅश उलटा फिरत नाही ना? दोन्हीकडे एकच सॉल्ट (हॅश करण्याआधी नंबरला जोडायचा जादा मजकूर) घातला तर?

बिटबहाद्दर: उलटा फिरवायची गरजच नाही. आपला मोबाइल नंबर दहा आकडी, सुरुवात ६ ते ९ ने, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. सगळ्यांचे हॅश आधीच काढून ठेवले की आलेला हॅश त्यात नुसता शोधायचा. सगळे हॅश साठवायचे तर नोंदीमागे ३२ बाइट हॅश आणि ५ बाइट नंबर, झाले १४८ जीबी.

तेवढी जागाही लागत नाही. नंबरचा हॅश, हॅशवरून पुन्हा एक दहा आकडी नंबर (हे रिडक्शन), त्याचा हॅश... अशी हजार कड्यांची साखळी करायची आणि फक्त दोन टोकं ठेवायची. शोधताना आलेल्या हॅशपासून साखळी पुढे चालवायची; शेवटचं टोक जुळलं की ती साखळी सुरुवातीपासून पुन्हा काढायची, नंबर तिच्यात सापडतो. ही हेलमनची १९८० ची युक्ती. तिची खोड अशी की दोन साखळ्या एकदा मिसळल्या की पुढे एकच वाट तुडवतात. २००३ मध्ये ओक्सलिनने दर कडीला वेगळं रिडक्शन दिलं. आता त्याच क्रमांकाच्या कडीवर गाठ पडली तरच मिसळतात, आणि मग शेवटचं टोकही सारखं येतं, त्यामुळे जुळी साखळी लगेच ओळखून काढता येते. हेच रेनबो टेबल.

तुमच्या बाबतीत जुळ्या काढून उरलेल्या ८० लाख साखळ्या, १० बाइटप्रमाणे ८० एमबी, त्यात सुमारे ८६ टक्के नंबर सापडतात. वेगवेगळ्या रिडक्शनची चार टेबलं केली की ९९.९ च्या वर. एका शोधाला टेबलामागे जास्तीत जास्त ५ लाख हॅश, वर खोट्या जुळण्या तपासायचे थोडे.

शून्यएक: खरं तर टेबलही कशाला? चांगलं ग्राफिक्स कार्ड ४०० कोटी एसएचए-२५६ सेकंदाच्या आसपास उरकतं. सामाईक सॉल्ट समोरच्याला माहीतच असणार, त्यामुळे तो फक्त तिऱ्हाइताला अडवतो. ओळीगणिक वेगळा घातला तर यादीच जुळणार नाही. एचमॅकचंही (गुप्त किल्ली मिसळून काढलेला हॅश) तेच, किल्ली दोघांकडे.

कोरीपाटी: मग करायचं काय?

बिटबहाद्दर: प्रायव्हेट सेट इंटरसेक्शन, म्हणजे बाकी यादी न उघडता दोन याद्यांतलं सामाईक तेवढं काढायची पद्धत. नंबरवरून एलिप्टिक कर्व्हवरचा (सांकेतिकीकरणात वापरतात त्या गणिती वक्रावरचा) बिंदू काढा, तुम्ही आपल्या गुप्त आकड्याने गुणा, मग त्यांनी त्यांच्या. त्यांच्या यादीचं हेच उलट्या क्रमाने. क्रम उलटला तरी उत्तर एकच, म्हणून जुळवता येतं. फक्त हॅशने बेस पॉइंट (वक्रावरचा सगळ्यांना माहीत असलेला ठरलेला बिंदू) गुणून बिंदू काढू नका. तसं केलंत तर समोरच्याला एका ओळखीच्या नंबरवरून बाकी सगळे काढता येतात. 'हॅश-टु-कर्व्ह' (नंबरवरून वक्रावरचा बिंदू सुरक्षितपणे काढायची सोय) असलेली लायब्ररीच घ्या.

शून्यएक: आणि त्यांनी किती ओळी पाठवायच्या यावर मर्यादा घाला, नाहीतर ते ४०० कोटी नंबर पाठवून मोकळे होतील. आधी +९१, सुरुवातीचं ० आणि मधल्या स्पेस काढून टाका. यादी न जुळण्याचं कारण बहुतेकदा तेच निघतं.