मदत हवी आहे: मागून गुपचूप गेलं तरी पहिला वार गार्डचाच होतो (बॅटमॅन फॅन गेम, आरपीजी मेकर एमव्ही)

मंडळी, दहा-बारा दिवस झाले एकाच जागी अडकलेय, जे सुचेल ते सगळं करून बघितलं आणि आता इथे विचारतेय. पोस्ट लांबेल, पण अर्धवट सांगितलं तर तुम्हीच परत चार प्रश्न विचाराल म्हणून सगळं एकदाच लिहिते.

आरपीजी मेकर एमव्ही या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये बॅटमॅनचा एक फॅन गेम बनवतेय, एकटीच, नोकरीवरून आल्यावर रात्री बसून. विकायचा नाहीये, पूर्ण झाला की मित्रमैत्रिणींना खेळायला द्यायचाय बस. मॅपवर लपतछपत फिरायचं, गार्डच्या नजरेत आलात तर टर्न-बेस्ड लढाई सुरू, आणि न दिसता त्याच्या पाठीमागे जाऊन बटण दाबलं तर लढाई होते पण पहिली अख्खी टर्न आपली, गार्डला काही करताच येत नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं कारण बॅटमॅन म्हणजे नुसती मारामारी नव्हे, तो जीव घेत नाही, बंदूक वापरत नाही, समोरचा त्याच्यापेक्षा घाबरलेला असतो म्हणून तो जिंकतो. त्यामुळे स्टेल्थ ही वरून लावलेली सजावट नाही, लढाईचा अर्धा निकाल तिथेच लागायला हवा. शत्रू पडल्यावर येणारा 'ठार झाला' छापाचा मेसेजसुद्धा मी डेटाबेसमधल्या स्टेट नंबर १ मध्ये जाऊन 'बेशुद्ध पडला' असा केलाय.

आता अडचण. गार्डच्या इव्हेंटला (मॅपवर तो काय करेल त्या कमांडच्या यादीला) ॲक्शन बटणाचा ट्रिगर आहे. आत पहिल्यांदा बघते की गार्डचं तोंड आणि प्लेअरचं तोंड एकाच दिशेला आहे का, कारण मी पाठीमागे उभी असेन तर दोघांची दिशा एकच असणार. तसं असेल तर एक स्विच (ऑन-ऑफची खूण) ऑन, मग स्क्रिप्ट कमांडने बॅटलमॅनेजरचा प्रीएम्प्टिव्ह फ्लॅग, म्हणजे 'पहिली टर्न आपली' ही खूण, ट्रू करते आणि लगेच खाली बॅटल प्रोसेसिंग, म्हणजे लढाई सुरू करायची कमांड. कागदावर सगळं बरोबर वाटतं, पण लढाई सुरू झाली की नेहमीसारखीच सुरू होते, आणि गार्डची चपळाई जास्त ठेवलीय त्यामुळे तोच आधी मारतो. शंभर वेळा तरी करून बघितलं असेल, एकदाही पहिली टर्न माझी आली नाही.

अजून एक बारकावा सांगते, उपयोगी असेल नसेल माहीत नाही. मी मागून बटण दाबते त्या क्षणी गार्ड झटकन वळून माझ्याकडे बघतो आणि मग स्क्रीन फुटून लढाई सुरू होते. ते मी बनवलेलं नाही, आपोआप होतं, आणि दिसायला इतकं भारी दिसतं की मी ते तसंच ठेवलं, चाहूल लागून दचकल्यासारखं वाटतं.

दुसरी अडचण पहिल्या मॅपवर, म्हणजे बंदरावरचं गोदाम, ६० बाय ४० टाइलचं (टाइल म्हणजे मॅपचा एक चौकोन). तिथे सात गार्ड आहेत, प्रत्येकाला कस्टम मूव्ह रूट, चार उजवीकडे, थांब, चार डावीकडे, थांब. नजरेत आलं की सेल्फ स्विच ए (त्या गार्डचा स्वतःचा स्विच) ऑन होऊन इव्हेंटचं दुसरं पेज लागतं आणि तो पाठलाग करतो, मी लांब पळाले की स्विच ऑफ आणि परत पहिलं पेज. पण परतल्यावर तो आपल्या जागी जात नाही, जिथे आहे तिथूनच चार उजवीकडे सुरू करतो, दोन-तीन पाठलाग झाले की पार खोक्यांना नाक लावून उभा राहतो तो राहतोच.

आणि तिसरं, खोक्याच्या आडोशाला जाताना पकडले जाते. डोळ्यांना दिसतंय की अर्धं अंग अजून खोक्यामागेच आहे, केप अजून बाहेर आलेली नाही, आणि गार्डच्या डोक्यावर उद्गारचिन्ह. खेळणाऱ्याला हे अन्याय वाटणार, मलाच वाटतो.

कोणी केलंय का असं काही? प्लगइन असेल तर सांगा, पण नक्की काय चुकतंय ते कळलं तर जास्त आवडेल.

प्रतिसाद: टाइलसेट_वेडा

फॅन गेममध्ये एवढा विचार केलेला बघून बरं वाटलं. पहिल्या अडचणीचं उत्तर माझ्याकडे आहे कारण मी स्वतः यात एक अख्खा वीकेंड घालवलाय.

एमव्ही मध्ये प्रीएम्प्टिव्ह आणि सरप्राइज (पहिली टर्न शत्रूची) हे दोन्ही फक्त रँडम एन्काउंटरला ठरवले जातात. चालता चालता आपोआप लढाई लागते तेव्हा इंजिन आधी सेटअप करतं आणि मग फासा टाकून बघतं. तुम्ही इव्हेंटमधून बॅटल प्रोसेसिंग दिलं की तो फाशाचा भाग चालतच नाही. आणि तुम्ही फ्लॅग आधी ट्रू करताय त्याचाही उपयोग नाही, कारण बॅटल प्रोसेसिंग सुरू होताना सेटअप पहिलं काम काय करतं तर सगळी जुनी माहिती पुसून दोन्ही फ्लॅग फॉल्स करतं. म्हणजे तुम्ही फळ्यावर लिहिताय आणि पुढच्याच क्षणी डस्टर फिरतोय. बॅटल प्रोसेसिंगच्या खालच्या ओळीत लिहून बघाल तर तेही नाही चालणार, ती ओळ लढाई संपल्यावर येते.

उपाय प्लगइनशिवाय होतो. डेटाबेसमध्ये ट्रूप्समध्ये (शत्रूंच्या गटांमध्ये) जा, त्या लढाईच्या बॅटल इव्हेंटमध्ये टर्न ० ची कंडिशन लावा, स्पॅन बॅटल ठेवा (म्हणजे लढाईत एकदाच चालेल), आत तुमचा स्विच ऑन आहे का बघून तिथे फ्लॅग ट्रू करा आणि लगेच स्विच ऑफ. टर्न शून्यचं पेज कमांड निवडायच्या आधी चालतं आणि तोपर्यंत पुसापुशी होऊन गेलेली असते. सुरुवातीचा मेसेज मात्र आपोआप येणार नाही, तो टेक्स्ट स्वतः टाकावा लागेल. टर्न संपली की इंजिन फ्लॅग स्वतःच खाली करतं त्यामुळे दुसऱ्या टर्नपासून गार्ड नेहमीसारखा लढेल.

धागाकर्ती

दादा, हे डस्टरचं एकदम डोक्यात बसलं. लगेच केलं, पण अजून होत नाहीये!! गंमत बघा, टेस्ट करताना एफ ९ दाबून तो स्विच हाताने ऑन केला आणि मग लढाई लावली तर पहिली टर्न माझी आली, गार्ड नुसता उभा. म्हणजे तुम्ही सांगितलेलं शंभर टक्के बरोबर आहे, पण माझा स्विचच ऑन होत नाहीये. दिशा तपासायची कंडिशन चार वेळा परत लिहिली, खाली २, डावीकडे ४, उजवीकडे ६, वर ८, सगळं बरोबर आहे.

प्रतिसाद: मध्यरात्र

ताई, चोर तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये दाखवलाय. तो गार्ड झटकन वळतो म्हणालात ना, तोच.

ॲक्शन बटण, प्लेअर टच किंवा इव्हेंट टच यापैकी कुठलाही ट्रिगर असला की इव्हेंट सुरू होताना इंजिन त्याला लॉक करतं आणि लॉक करताना प्लेअरकडे तोंड फिरवतं. गावातल्या माणसांशी बोलताना त्यांनी आपल्याकडे वळावं म्हणून ही सोय आहे. तुमची पहिली कमांड चालायच्या आधीच गार्ड वळलेला असतो, त्यामुळे दिशा विचारता तेव्हा उत्तर कायम 'समोरासमोर' येतं. पाठीमागे उभं राहिलात तरी इव्हेंटच्या लेखी तुम्ही त्याच्या तोंडासमोरच.

डायरेक्शन फिक्स (तोंड वळू न देणारी सेटिंग) लावू नका, गार्ड फिरताना पण वळणार नाही आणि उलटा चालताना दिसेल. वळायच्या आधीची दिशा इंजिन जपून ठेवतं कारण बोलणं झाल्यावर त्याला परत तसं उभं करायचं असतं. कोडमध्ये तिचं नाव प्रीलॉक डायरेक्शन, आधी एक अंडरस्कोर. कंडिशनल ब्रँचमध्ये स्क्रिप्ट निवडा आणि नेहमीच्या दिशेऐवजी ती दिशा प्लेअरच्या दिशेशी ताडून बघा. वळणं आहे तसं राहील, तुम्हाला आवडलेलं दचकणं पण राहील.

खोक्याचं पण सांगतो. प्लेअर पाऊल उचलतो त्या क्षणीच त्याचे एक्स-वाय पुढच्या टाइलचे होतात, चित्र मात्र हळूहळू सरकत तिथे पोचतं. तुमची नजरेची तपासणी एक्स-वाय बघते म्हणून डोळ्यांना अर्धं अंग मागे दिसतं आणि हिशोबात तुम्ही बाहेर आलेल्या असता. त्याऐवजी रिअल एक्स आणि रिअल वाय घ्या, ते चित्रासोबत सरकतात, राउंड करा म्हणजे अर्ध्याहून जास्त बाहेर आल्यावरच पकडेल. आणि नजरेची तपासणी सात गार्डांच्या सात पॅरलल प्रोसेसमध्ये (मागे सतत चालणाऱ्या इव्हेंटमध्ये) असेल तर एका कॉमन इव्हेंटमध्ये (सगळ्यांसाठी सामाईक) आणा आणि शेवटी दहा फ्रेमचा वेट द्या. सेकंदाला ६० वेळा बघायची काहीच गरज नाही, सहा वेळा पुष्कळ झालं.

प्रतिसाद: टाइलसेट_वेडा

वळण्याचं माझ्या लक्षातच आलं नाही, मानलं. मूव्ह रूटचं मी सांगतो. पेज बदललं की रूट पहिल्या पायरीपासून सुरू होतो आणि 'चार उजवीकडे' म्हणजे आहे तिथून चार, जागेशी त्याचा संबंध नाही. म्हणून मध्ये एक तिसरं पेज घाला, 'परत चाललाय' असं, सेल्फ स्विच बी वर. त्यात गार्डची मूळ जागा देऊन फाइंड डायरेक्शन टू वापरा, हे एमव्ही च्या मूळ कोडमध्येच आहे, वाट शोधून पुढचं पाऊल कुठल्या दिशेला टाकायचं ते सांगतं. उत्तर ० आलं तर पाऊल टाकायचं नाही एवढं तपासा. ते शोधताना १२ पावलांपर्यंतच खोल बघतं त्यामुळे लांबचा वळसा असेल तर मध्ये एखादा थांबा द्या. जागेवर पोचला की दोन्ही स्विच ऑफ.

मॅप ६० बाय ४० आहे म्हणालात म्हणून अजून एक. स्क्रीनपासून लांब असलेले इव्हेंट स्वतःहून चालत नाहीत. तुमची स्क्रीन मूळ साइजची असेल, ८१६ बाय ६२४, तर मध्यापासून आडवं १७ टाइल आणि उभं १३ टाइलच्या पलीकडचे गार्ड गोठलेले असतात. दोन गार्डांच्या फेऱ्या एकमेकांशी जुळवून ठेवल्या असतील तर त्या बिघडतात, कारण एक आधी हलायला लागतो आणि दुसरा नंतर. मी तरी मोठा मॅप तोडून तीन लहान केले.

प्रतिसाद: शांतपणे_खेळणारी

कोडमधलं मला कळत नाही, मी नुसती खेळते, पण एक विचारू का? जी मुलगी अख्खं गोदाम कोणाच्याही नजरेत न येता पार करेल, एकाशीही लढणार नाही, तिला एक्सपी (लेव्हल वाढवणारे अनुभवाचे पॉइंट) काय मिळणार? मी असे गेम सोडून दिलेत, चार तास जीव मुठीत धरून लपतछपत जायचं आणि शेवटी बॉस समोर आला की लेव्हल २ वर उभी, दोन फटक्यात खेळ खलास. गेमने सांगितलं होतं लपून जा आणि शिक्षा पण लपल्याचीच.

धागाकर्ती

सगळ्यांना उत्तर देते.

आधी आनंदाची बातमी, झालं!!! प्रीलॉक डायरेक्शन टाकलं आणि पहिल्याच फटक्यात चाललं. कंदिलाजवळचा गार्ड आहे, त्याच्या मागे गेले, बटण दाबलं, तो दचकून वळला, लढाई उघडली आणि अख्खी टर्न तो हललाच नाही. मी मेसेज टाकलाय 'त्याच्या तोंडून आवाजही फुटत नाही'. रात्री दीड वाजता खुर्चीतून उठून टाळ्या वाजवल्या. मध्यरात्र दादा, मला जी गोष्ट आवडत होती तीच आडवी येत होती हे मला जन्मात सुचलं नसतं.

रिअल एक्स-वाय केलं, खोक्यामागचा अन्याय संपला. परत जायचं पेज पण केलं, एक गार्ड क्रेनला वळसा घालताना अडकत होता, १२ पावलांचंच प्रकरण निघालं, मध्ये थांबा दिला तर आता जातो. मॅप तोडायला मात्र मन होत नाहीये, वरून संपूर्ण गोदाम एकदम दिसणं मला हवंय, म्हणून सध्या जोडीने फिरणारे गार्ड जवळजवळ आणून ठेवलेत, एकत्र गोठतात आणि एकत्र सुटतात.

आता एक्सपीचं. ताई, तुमचा प्रश्न वाचून मी संध्याकाळभर दुसरं काही केलं नाही. आधी वाटलं गार्डच्या मागून न दिसता गेलं की चेंज एक्सपी कमांडने लढाईएवढेच पॉइंट द्यावे. मग लक्षात आलं की लोक आधी लपून जातील, पॉइंट घेतील आणि परत येऊन त्यालाच मारतील. शिवाय त्या हिशोबाने बॅटमॅन गार्ड शोधत हिंडायला लागेल, जे त्याला शोभत नाही. म्हणून शत्रूंचा एक्सपी सरळ शून्य केला. एक्सपी मिळेल तो काम पूर्ण झाल्यावर, गोदामातून कागदपत्रं घेऊन छतावर पोचलात की, लढून या नाहीतर न लढता या, सारखाच. लढणाऱ्याला गार्डच्या खिशातून सामान मिळतं, स्मोक बॉम्बचा माल वगैरे, आणि न दिसता येणाऱ्याला बॉसच्या लढाईत पहिली टर्न. तोच टर्न शून्यचा स्विच, 'कोणी पाहिलं नाही' असा अख्ख्या मॅपसाठी ठेवलाय, एकदा जरी उद्गारचिन्ह आलं तरी ऑफ.

काल मैत्रिणीला खेळायला दिलं. एकाही गार्डला हात न लावता छतावर पोचली आणि बॉस तिच्याकडे पाठ करून उभा होता.

प्रतिसाद: शांतपणे_खेळणारी

हा गेम मला खेळायचाय. टेस्टिंगला माणसं हवी असतील तर माझं नाव पहिलं लिहा.

प्रतिसाद: मध्यरात्र

मस्तच. एक करा, तो 'कोणी पाहिलं नाही' स्विच मॅपवर पाय ठेवतानाच परत ऑन होत नाहीये ना ते बघा, नाहीतर मधूनच दार ओलांडून परत आत आलं की सगळं माफ होईल. आत येण्याच्या इव्हेंटमध्ये न ठेवता मिशन सुरू होतं तिथे ठेवा.

धागाकर्ती

बघितलं, तसंच होत होतं! बदललं. टेस्टिंगची फाईल रविवारी देते.