२१ फुटी बोट घेतोय, ट्रेलरवर ठेवू की मरीनात? (मेरीलंड, चेसापीक बे)

कोलंबियाकर
नमस्कार मंडळी. मी मेरीलंडमध्ये कोलंबियाजवळ राहतो. मित्राच्या बोटीवर फुकट फिरून फिरून आता स्वतःची घ्यायची खाज सुटलीय. एक सेकंडहँड २१ फुटी बोरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेली उघडी मोटरबोट) बघून ठेवलीय, २०१४ ची, स्टर्नड्राइव्ह इंजिन (इंजिन बोटीच्या आत, पंख्याचा पाय मागून बाहेर), ट्रेलरसकट मिळतेय, नुसत्या बोटीचं वजन ३,५०० पौंड लिहिलंय. आता घरात वाद असा चाललाय की बायको म्हणते घ्यायचीच तर मरीनात (बोटी बांधून ठेवायच्या धक्क्यावर) ठेव, रॅम्पवर (बोट पाण्यात सोडायच्या उतारावर) चार लोकांसमोर ट्रेलर मागं घेताना आपला तमाशा नको. आणि मला वाटतं स्लिपचं, म्हणजे मरीनातल्या बोट बांधायच्या जागेचं, भाडं म्हणजे दरवर्षी पैसे पाण्यात. ॲनापोलिसच्या बाजूला एका मरीनाने मे ते ऑक्टोबरचे ३,८०० डॉलर सांगितले, वीज वेगळी. ट्रेलर तर बोटीबरोबर येतोच आहे, मग घरासमोर लावली की झालं ना? गाडी टोयोटा हायलँडर हायब्रिड. मुलं ८ आणि ११ वर्षांची, त्यांना ट्यूबिंग करायचंय, उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा येतात त्यांनाही फिरवायचंय, आणि जमलंच तर चिंबोऱ्या. तुम्ही लोकांनी काय केलं आणि का, ते सांगा.

खाडीवाला
आधी गाडीचं बघा मग बाकीचं. ३,५०० हे कोरड्या बोटीचं वजन. त्यात पेट्रोल धरा, गॅलनला साधारण ६ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरली की २४० पौंड झाले, मग बॅटरी, नांगर, लाइफ जॅकेटं, कूलर, आणि खाली ट्रेलर स्वतःच हजाराच्या आसपास. सगळं मिळून ५,००० पौंड सहज. हायलँडर हायब्रिडची ओढायची मर्यादा ३,५०० आहे. नुसती बोट हवेत तरंगत आली तरच जमेल 😄 साधी पेट्रोल हायलँडर किंवा होंडा पायलट असती तरी काट्यावर आलं असतं आणि काट्यावर ओढणं म्हणजे रूट ५० वर ब्रेक मारताना देवाचं नाव घेणं. म्हणजे तुमच्या हिशोबात ट्रेलर फुकट नाहीये, त्याच्यापुढे एक ट्रक उभा आहे.

हे सांगून झालं, आता खरं सांगतो मी स्वतः ट्रेलरवालाच आहे आणि बदलणार नाही. माझ्याकडे एफ-१५० ट्रक कामासाठी आधीपासून होताच. फायदा काय, तर पाणी निवडता येतं. जुलै-ऑगस्टमध्ये बेच्या मधल्या भागात जेलीफिश इतके होतात की मुलं ट्यूबवरून पाण्यात पडायला तयार नसतात, तेव्हा मी बोट वर मिडल रिव्हरकडे घेऊन जातो, तिकडे पाणी कमी खारं म्हणून त्रास कमी. एखाद्या लाँग वीकेंडला डीप क्रीक लेक. रॉकफिशसाठी सॉलोमन्स. स्लिपवाला माणूस त्याच त्याच खाडीत फिरत बसतो (रागावू नका कोणी).

रॅम्पच्या तमाशाचं म्हणाल तर शिकता येतं. रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये जा, हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा, ट्रेलरची शेपटी ज्या बाजूला न्यायचीय त्या बाजूला हात न्या, आणि गाडी मुंगीच्या वेगाने. तमाशा होतो तो मागं घेताना नाही, रॅम्पवर उभं राहून कूलर चढवणाऱ्यांचा होतो. सगळं सामान, दोऱ्या, ड्रेन प्लग (बोटीच्या तळाच्या भोकाचं बूच) लावणं, मागचे पट्टे सोडणं हे वर पार्किंगमध्येच उरकायचं आणि मग खाली जायचं. सँडी पॉइंटला उन्हाळ्यातल्या शनि-रवि पार्कच भरून बंद करतात, तेव्हा भल्या सकाळी नाहीतर जाऊच नका.

निवांत_बोटवाला
मी स्लिपवाला, रागावलो नाही 🙂 पण खाडीवाल्यांनी एक गोष्ट सांगितली नाही ती म्हणजे वेळ. घरी ट्रेलर जोडणं, दिवे लागतात का बघणं, टायर, रस्ता, रॅम्पची लाइन, आणि परत आल्यावर इंजिन गोड्या पाण्याने फ्लश, ट्रेलरचे ब्रेक धुणं, हे सगळं धरलं तर दोन तास पाण्यावर जायला दिवस जातो. मी बुधवारी ऑफिस सुटलं की थेट धक्क्यावर, सूर्य मावळेपर्यंत पाण्यावर आणि जेवायला घरी. ट्रेलर असता तर बुधवारी कोण गेलं असतं? आणि आई-बाबांचं म्हणाल तर स्थिर धक्क्यावरून हात धरून बोटीत पाऊल टाकणं वेगळं आणि रॅम्पच्या बाजूच्या छोट्या डॉकवर मागं तीन गाड्या खोळंबल्यात अशा घाईत चढवणं वेगळं. भरती-ओहोटीचा फरकही आपल्याकडे फूट-दीड फूटच, कोकणासारखा नाही, त्यामुळे चढ-उतार सोपा.

पण तुमच्या *ह्या* बोटीला स्लिप नको असं मी म्हणेन. दोन कारणं. एक, स्टर्नड्राइव्ह. आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन) असतं तर वापर झाल्यावर वर उचलून पाण्याबाहेर ठेवता येतं, स्टर्नड्राइव्हचा पाय वर केला तरी बराचसा पाण्यातच राहतो आणि जिथून तो बोटीतून बाहेर येतो तिथे रबराचे बेलोज असतात, ते चिरले की पाणी सरळ आत. दहा वर्षं जुन्या बोटीत ते कधी बदलले ते आधी विचारा. दोन, उघडी बोरायडर. पुष्कळ बोरायडरमध्ये पावसाचं पाणी आपोआप बाहेर जात नाही, ते खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाच्या पोकळीत) साठतं आणि पंप बॅटरीवर चालतो, तुम्ही दोन आठवडे फिरकला नाहीत, वादळी पाऊस आला आणि बॅटरी बसली की संपलं. झालंच तर ट्रेलरवर वाढलेल्या बोटीच्या तळाला बॉटम पेंट (शंख-शेवाळ चिकटू न देणारा रंग) नसतो, तो आधी मारायला लागेल नाहीतर एका उन्हाळ्यात तळाला बार्नाकलची (चिकटून बसणाऱ्या शिंपल्यासारख्या जीवांची) वसाहत. आणि आपल्या निमखाऱ्या पाण्यात ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः गंजणारे धातूचे तुकडे) ॲल्युमिनियमचे घ्या, झिंकचे नको. ३,८०० मध्ये यातलं काहीच धरलेलं नाही.

पाटील_मिशिगन
एचओएला (तुमच्या वसाहतीच्या सोसायटीला) विचारलं का घरासमोर ट्रेलर लावायचं?

कोलंबियाकर
पाटील, तुमचं तोंड 🙏 आत्ता नियम काढून वाचले. बोट, ट्रेलर, आरव्ही यातलं काहीही ड्राइव्हवेवर ४८ तासांच्या वर नाही. गराजमध्ये २१ फूट अधिक इंजिन अधिक ट्रेलरची जीभ, शक्यच नाही. म्हणजे बोट दुसऱ्याच्या लॉटमध्ये भाड्याने ठेवायची, त्यासाठी ट्रक घ्यायचा, आणि तरी भाडं आहेच. बायको हसतेय.

रॅकवर_टांगलेला
मग तुम्हाला तिसरा पर्याय कोणी सांगितला नाही का? ड्राय स्टॅक. मोठ्या शेडमध्ये लोखंडी रॅकवर बोटी एकावर एक ठेवतात, तुम्ही सकाळी फोन करायचा की अमुक वाजता येतो, ते फोर्कलिफ्टने बोट उचलून पाण्यात सोडून धक्क्याला बांधून ठेवतात, परत आल्यावर तुम्ही चालते व्हा, ते उचलून धुवून वर ठेवतात. ट्रक नको, बॉटम पेंट नको, बेलोज चोवीस तास पाण्यात नाहीत, पाऊस नाही, ऊन नाही. २१ फूट म्हणजे रॅकसाठी अगदी मापातली बोट. आई-बाबा धक्क्यावरूनच चढणार.

वाईट बाजू पण ऐका. फोर्कलिफ्टवाल्याचे तास ठरलेले असतात, त्यामुळे निवांत_बोटवाल्यांसारखं बुधवारी संध्याकाळी बागडायचं असेल तर शेवटची उचल किती वाजता ते आधी विचारा, काही ठिकाणी उशिरा आलात तर रात्रभर धक्क्याला बांधून ठेवू देतात, काही ठिकाणी नाही. रविवारी संध्याकाळी परत येताना सगळ्यांचीच गर्दी. विजा कडाडत असतील तर उचलत नाहीत. आणि रॅकवर चढून स्वतः काही दुरुस्ती करता येत नाही, ज्यांना रविवारी बोटीखाली पडून खुडबुड करायची हौस आहे त्यांना हे पटत नाही. दर विचारताना सीझनचा आहे की वर्षाचा, आणि दिवसातून किती वेळा सोडतील ते लेखी घ्या. विम्याचा कागद बहुतेक सगळे मागतात.

अलिबागहून
वाचून मजा आली. इकडे आमच्या किनाऱ्यावर जूनच्या आधी बोटी वर ओढून झाकतात, पावसाळा गेला की परत पाण्यात. तुमच्याकडे तेच थंडीत दिसतंय. मग थंडीतला खर्च कोण सांगणार?

खाडीवाला
बरोबर धरलंत. स्लिपवाल्याला बोट बाहेर काढणं, तळ धुणं, कव्हर लपेटणं आणि बाहेरची जागा, प्रत्येकाचं बिल वेगळं. रॅकवाल्याची बोट आतच असते. आणि स्टर्नड्राइव्हला विंटरायझिंग (थंडीआधी इंजिनातलं पाणी काढून टाकणं) तिन्हीकडे लागणारच, इंजिन ब्लॉकमध्ये पाणी राहिलं आणि गोठलं तर ब्लॉक तडकतो. आउटबोर्ड सरळ उभं ठेवलं की पाणी आपोआप गळून जातं. म्हणून मी तर म्हणतो ही बोट सोडा, थोडं थांबून आउटबोर्डवाली बघा.

आणि हो, तुमचा जन्म १ जुलै १९७२ किंवा नंतरचा असेल (असणारच) तर मेरीलंडमध्ये बोट चालवायला बोटिंग सेफ्टीचं सर्टिफिकेट लागतं. दोघांनीही करून टाका, तुम्ही पाण्यात पडलात तर बोट वळवून आणायला वहिनी पाहिजेत.

कोलंबियाकर
दोन ठिकाणी रॅकचे फोन केले. एकाकडे वेटिंग लिस्ट, दुसऱ्याकडे जागा आहे, वर्षाचा दर स्लिपपेक्षा जास्त पण त्यात थंडी धरलेली, ट्रकचे पैसे वजा केले तर प्रश्नच नाही. शेवटची उचल शनिवारी ६ ला, बुधवारी ५ ला, म्हणजे बुधवार विसरा. बोट विकणाऱ्यालाच ट्रेलर ठेवून घ्यायला सांगून किंमत कमी करता येते का बघतो. आउटबोर्डवाली याच बजेटमध्ये १८-१९ फुटी मिळतेय, सहा माणसं बसतील का त्यात नीट?

रॅकवर_टांगलेला
बसतील सहा, पण आई-बाबा, मुलं, कूलर आणि ट्यूब धरून बे ब्रिजखालच्या दुपारच्या लाटांत १८ फुटी सगळ्यांना भिजवेल. २१ चीच बघा. ट्रेलर मात्र विकू नका, निदान पहिलं वर्ष, मरीना बदलायची किंवा मेकॅनिककडे न्यायची वेळ आली तर ओढायला ट्रकवाला मित्र मिळतो, ट्रेलर मिळत नाही. ठेवायला जागा आहे का ते त्याच रॅकवाल्याला विचारा, काही जण मागच्या अंगणात ठेवू देतात.